गुलाबी, उबदार, कोरडी

"गुलाबी?" मिस्टर गेन्सनी उशीवरून डोकं उचललं. "कोण गुलाबी? मी?"

नदीनचं वाक्य तिथेच तुटलं. संध्याकाळी पाळी बदलताना दिवसाच्या सिस्टरने रात्रीच्या सिस्टरला पेशंटच्या खाटेपाशी उभं राहून सगळं सांगायचं, तेही त्याच्या कानावर पडेल असं, ही त्या वॉर्डाची पद्धत होती. नदीन प्रूइट इतकी वर्षं हे करत आली होती की तोंड आपोआप चालायचं आणि डोकं तोवर घरी जाऊन फ्रीजमध्ये काय आहे ते बघून यायचं. खुब्याचं ऑपरेशन परवा झालंय, साखर ताब्यात आहे, जेवण निम्मं गेलं, त्वचा गुलाबी, उबदार, कोरडी. निरोगी कातडीचे हे शेवटचे तीन शब्द तर एका दमातच यायचे. आणि समोर खाटेवर हर्शेल गेन्स होते. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, उत्तरेकडच्या काळ्या वस्तीत जन्मभर सिटी बस चालवलेला, आता ऐंशीला टेकलेला माणूस, रंगाने नदीनपेक्षाही दोन छटा गडद. "पोरी, माझ्या आईने मला बरंच काही म्हटलं," ते म्हणाले, "पण असा आरोप कधी केला नाही. गुलाबी म्हणजे ही बघ. बघ, बघ, झाली पण!" रात्रीची गोरी सिस्टर क्रिस्टा खरोखरच मानेपर्यंत गुलाबी झाली होती. तिघंही हसले. सगळ्यात मोठ्याने नदीन हसली. "जिभेची सवय हो, मिस्टर गेन्स," ती म्हणाली, "बस रिकामी असली तरी तुम्ही थांब्यावर थांबायचात ना, तसंच." ते म्हणाले, असू दे, या वयात कोणी गुलाबी म्हणालं तर माणसाने ते मुकाट्याने घ्यावं. मग बाकीच्या खाटा झाल्या, बाकीचे निरोप झाले आणि नदीन कपडे बदलायच्या खोलीत आली.

तिथे बाकावर बसून बुटाची नाडी सोडताना तिच्या लक्षात आलं की आपण अजून हसतोय, म्हणजे चेहरा हसतोय. तिने तो सरळ केला. एवढं काय झालं? शब्द चुकला. काळ्या पेशंटच्या बाबतीत गुलाबी म्हणणाऱ्या कितीतरी सिस्टरा तिने ऐकल्या होत्या आणि मनातल्या मनात त्यांची टरही उडवली होती. आज आपण त्या रांगेत जाऊन बसलो, एवढंच. पण नाडी हातात धरून ती बसून राहिली, कारण गोष्ट एवढ्यावर संपत नव्हती. शब्द बघितल्यानंतर यायचा असतो. आधी बघायचं, मग म्हणायचं. आपण म्हणालो गुलाबी. मग आपण बघितलं काय? सकाळी मिस्टर गेन्स म्हणाले होते, टाच जरा चुरचुरतेय. म्हणाले होते. तिने लगेच चादर उचलली होती, पाय किंचित वळवून बघितला होता. पडून पडून होणाऱ्या जखमेची पहिली खूण म्हणजे लाली, ती नव्हती. "लाल काही दिसत नाही, काळजी नको," असं ती म्हणाली होती, आणि तो म्हातारा, जो सकाळच्या डॉक्टरला दहा उलटे प्रश्न विचारायचा, तिच्यापाशी एकही प्रश्न न विचारता म्हणाला होता, "तू म्हणतेस ना, मग झालं." त्यानंतर ती सलाईनची बाटली बदलत असताना त्यांचा मुलीला फोन चालला होता. इथे आपली एक आहे गं, तिचं लक्ष आहे, तू विमानाचे पैसे घालवू नकोस. ऐकून नदीनला बरं वाटलं होतं. आता ते बरं वाटणं आठवलं आणि तिच्या काळजात चर्र झालं.

लाल काही दिसत नाही. अगं बाई, दिसणार कसं? काळ्या टाचेवर लाली शोधणारी तू कोण? हे वाक्य तिला स्वतःच्या नाही, आईच्या आवाजात ऐकू आलं. ओडेसा प्रूइट गेली त्याला बरीच वर्षं झाली, पण ऐन वेळी बोलायची तिची खोड काही गेली नव्हती. लहानपणी हिवाळ्यात शाळेला निघायच्या आधी ओडेसा दोन्ही पोरींना ओळीत उभं करायची आणि गुडघ्यांना, कोपरांना, टाचांना व्हॅसलीन फासायची. राखेसारखे पाय घेऊन माझ्या घरातून कोणी बाहेर पडायचं नाही, असा तिचा दम होता. त्या चोळण्यात सगळी तपासणी होऊन जायची. पोर तापली आहे का, रडून आली आहे का, पोटात काही गेलंय की नाही. चेहऱ्यावरची चकाकी उतरून राखाडी झाक आली की ओडेसा दप्तर काढून घ्यायची आणि अंथरुणात घालायची, थर्मामीटर नंतर. हे काही तिचंच कसब नव्हतं. त्या गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांना ते यायचं, पुढे नदीनलाही आलं. तिचा मुलगा तान्हा असताना त्याचे ओठ आतून बघून तिने त्याचा दमा ओळखला होता. तेव्हा ती गुलाबीबिलाबी शोधत बसली नव्हती.

मग ते गेलं कुठे? कुठे गेलं हे तिला चांगलं ठाऊक होतं. नर्सिंग कॉलेजात त्यांच्या वर्गात ती एकटीच काळी. पुस्तकातले हात, पाठी, पाय सगळे गोऱ्या माणसांचे. पुरळ गोरं, कावीळ गोरी, झोपून झोपून होणाऱ्या जखमासुद्धा गोऱ्या. मिसेस हाल्व्हर्सन नावाच्या शिकवायला होत्या, स्वभावाने प्रेमळ. कातडी दाबायची, सोडायची, पांढरी होऊन परत लाल होते का बघायचं, हे त्या एकेकीच्या दंडावर करून दाखवत येत होत्या. नदीनपाशी आल्या, तिने बाही वर केलेलीच होती, त्यांनी बोट टेकवलं आणि मग हसून म्हणाल्या, "तुझ्यावर नीट दिसणार नाही गं. बस तू, शेजारणीवर बघ." ती बसली. अपमान वाटला असं तिने पुढे नवऱ्याला सांगितलं, पण ते पुरतं खरं नव्हतं. सगळा वर्ग आपल्या दंडाकडे बघत असताना बसायला मिळालं म्हणून तिला सुटल्यासारखंही झालं होतं. तिने बाही खाली केली आणि शेजारणीवर बघितलं. आणि असं बघितलं की त्या वर्षी वर्गात पहिली आली. आजही दारातून आत पाऊल टाकता टाकता ती गोऱ्या पेशंटचं रक्त कमी झालंय का, काविळीची सुरुवात आहे का, श्वास कमी पडतोय का हे सांगू शकायची. डॉक्टर चकित व्हायचे. नदीनचा डोळा, असं वॉर्डात म्हटलं जायचं, आणि तिला त्या डोळ्याचा अभिमान होता. तो कोणाचा डोळा आहे हे तिने कधी विचारलं नाही.

तिने कोट चढवला, टोपी कानांवर ओढली आणि मोटारी ठेवायच्या इमारतीच्या गच्चीवर आली. गाडी सुरू केली, काचांवरचं बर्फ वितळेपर्यंत हात मांड्यांखाली घेऊन बसली. बाहेर अंधार केव्हाच पडला होता, शहरालगतच्या सरोवरावरून वारा सुटला होता. शुक्रवार होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून तळलेली मासळी न्यायची आणि सोफ्यावर पाय वर घेऊन खायची असं तिने दुपारीच ठरवलं होतं. जावं घरी. पाळी संपली आहे. टाच म्हणजे काही हृदय नव्हे. पण मधुमेह आहे, खुब्यामुळे पाय हलवता येत नाही, टाच गादीवर टेकून पडली आहे. दुपारी त्यांनी बहिणीची गोष्ट सांगितली होती. तिचंही टाचेपासूनच सुरू झालं, कोणाला कळलंच नाही, मग पाऊल गेलं, मग गुडघ्याखालचा पाय गेला. ते हे सगळं हसत हसत सांगत होते, शेवटी एका पायाला दोन बुटांचे पैसे का लावता म्हणून ती दुकानदाराशी भांडायची, असं म्हणून. नदीनही हसली होती. ते आपल्याला काही सुचवत होते का? सकाळी सांगून झालं होतं, पुन्हा सांगणं बरं दिसणार नाही म्हणून बहिणीच्या तोंडून सांगत होते का?

परत जाऊन बघायचं म्हटलं तर पाच मिनिटांचं काम. अडचण बघण्याची नव्हती, काही सापडलं तर त्याची होती. पुढच्या गुरुवारी गेल वेंडॉर्फ, त्यांच्या वॉर्डाची प्रमुख, सगळ्यांसमोर नदीनचं नाव पाळीची मुख्य सिस्टर म्हणून सांगणार होती. त्या मजल्यावर आजवर कोणी काळी बाई त्या खुर्चीवर बसली नव्हती. काळी माणसं इमारतीत पुष्कळ होती. फरशी पुसणारी, खाटा ढकलणारी, ताटं वाढणारी. लिफ्टमध्ये भेटली की ती नदीनला हलकेच मान तुकवायची, त्यात ओळखीपेक्षा जास्त काहीतरी असायचं. बातमी फुटल्यावर स्वयंपाकघरातल्या बायकांनी तर केकवर काय लिहायचं यावरून भांडणही करून घेतलं होतं. वॉर्डात ती एकटी. छातीवर मोठ्या अक्षरांत सिस्टर लिहिलेलं असूनही नवे पेशंट उष्टं ताट तिच्याकडे सरकवायचे आणि विचारायचे, नर्स कधी येणार? ती ताट उचलायची, हसायची आणि म्हणायची, आली की. घरचं बोलणं, घरचं हसणं, आईसारखं कमरेवर हात ठेवून उभं राहणं, सगळं ती रोज सकाळी गाडीतच ठेवून यायची. एखादा काळा पेशंट तापला, ओरडला की मात्र सगळ्या तिला शोधायच्या. नदीन, तू जा ना, तुझं ऐकतील ते. ती जायची, आणि ते ऐकायचेही. मागच्या महिन्यात क्रिस्टाने एकाची गोळी दुसऱ्याला दिली. रडली बिचारी, सगळ्यांनी तिला मिठीत घेतलं, कोणीतरी डोनट आणले, आणि आठवड्यात विषय संपला. क्रिस्टाची चूक क्रिस्टाची होती. नदीनने केली तर ती नदीनची राहणार नव्हती, तिच्यामागून दारात येऊन उभ्या राहणाऱ्या प्रत्येक काळ्या पोरीची होणार होती. हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगावं लागत नाही.

तिने फोन काढला. क्रिस्टाला सांगावं, जाता जाता मिस्टर गेन्सची टाच बघ. रात्री सापडली तर रात्रीची, कोणाचं नाव नाही, कोणाला बोल नाही. इतका सरळ मार्ग होता की तिचा जीव भांड्यात पडला. तिने नाव शोधलं, अंगठा त्यावर नेला. मग तिला क्रिस्टा डोळ्यांसमोर दिसली, चादर उचलताना. क्रिस्टा मनापासून बघेल. बॅटरी घेऊन बघेल. आणि म्हणेल, लाल काही दिसत नाही. ती वाईट म्हणून नाही, तिलाही त्याच पुस्तकांवर शिकवलं म्हणून. आणि गेली दोन वर्षं, रोज पाळी बदलताना तिच्या बाजूला उभं राहून, नदीननेही तेच शिकवलं म्हणून. तिने गाडी बंद केली.

वर आली तेव्हा मिस्टर गेन्स टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत होते. "काय गं, घरी कोणी घेतलं नाही का?" त्यांनी विचारलं. "मला तुमची टाच बघायची आहे," नदीन म्हणाली. तिने कोट खुर्चीवर टाकला, हात धुतले, हातमोज्यांच्या खोक्याकडे गेलेला हात मागे घेतला. गार हात आधी चोळून चोळून गरम केले, मग चादर वर सारली आणि हाताची मागची बाजू उजव्या टाचेवर ठेवली. गरम. घोट्यापाशी ठेवली, तिथे गार. पुन्हा टाचेवर. गरमच. बोटाने दाबलं तर आत फुगलेल्या कणकेसारखं मऊ लागलं, टाचेला असायला नको तसं. आता तिने दिवा जवळ ओढून बघितलं, आणि दिसलंही. आजूबाजूच्या कातडीपेक्षा तेवढा भाग गडद होता, जांभळट, वर ताणल्यासारखी चमक. सकाळीही असणार. एवढं एका दिवसात होत नाही. "दुखतं?" तिने विचारलं. "दुपारपासून दुखायचं थांबलंय," ते म्हणाले, आणि मांस मरू लागलं की दुखणं थांबतं हे ठाऊक असल्याने तिला आणखी भीती वाटली.

तिने घंटी दाबली. क्रिस्टा धावत आली, बघितलं, खरोखरच बॅटरी घेऊन बघितलं. "पण लाल कुठे आहे?" ती म्हणाली. नदीनने तिचा हात धरला, हातमोजा ओढून काढला आणि तो हात टाचेवर ठेवला, मग घोट्यावर, मग परत टाचेवर. "अगं बाई," क्रिस्टा पुटपुटली. घरी निघालेली गेलही घंटी ऐकून दारात आली होती, पर्स खांद्याला तशीच. तिनेही हात लावून बघितला. पाय उशीवर घेऊन टाच अधांतरी ठेवा, जखमांच्या डॉक्टरला बोलवा, हे तिने तिथल्या तिथे सांगितलं. मग नदीनला कोपरापाशी धरून खिडकीकडे नेलं आणि आवाज खाली करून, पण त्या छोट्या खोलीत आवाज खाली करून होणार काय, म्हणाली, "छान पकडलंस. रात्रीच्या पाळीत सापडलं असं लिहिते क्रिस्टा."

"सकाळी होतं, गेल. त्यांनी मला सांगितलं होतं. मी बघितलं आणि काही नाही म्हटलं."

"अगं, मग काय झालं? लाल नव्हतं तर तुला दिसणार कसं? उगाच अंगावर कशाला ओढून घेतेस, तेही गुरुवार तोंडावर असताना?" गेलने तिचा दंड थोपटला. "त्या लोकांच्या कातडीवर ते दिसतच नाही."

गेल वाईट बाई नव्हती. तिच्या मनात नदीन त्यांच्यात धरलेली नव्हती, आपल्यात होती, आणि याच जागेसाठी नदीन इतकी वर्षं धडपडली होती. आता ती जागा मिळाली आहे असं तिला स्पष्ट कळलं. आपल्याच दंडावर गेलची बोटं होती, कोट काढल्यावर उघडा पडलेला तो दंड, आणि गेलला तो दिसत नव्हता. नदीनला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग, आणि तोही निम्मा स्वतःवरचा.

"दिसतं," ती म्हणाली, आणि आवाज खाली ठेवायचं तिला सुचलंच नाही. "माझ्या आईला दिसलं असतं. मलाही घरी दिसतं. इथे मी तुमच्यासारखी बघते, म्हणून दिसलं नाही. सकाळीच होतं असं लिही, क्रिस्टा, आणि खाली माझं नाव घाल. लिहिशील ना?"

क्रिस्टाने गेलकडे बघितलं. गेलने नदीनच्या दंडावरचा हात काढून घेतला. तिचा चेहरा पडला होता, कशाने ते बहुधा तिलाही नक्की सांगता आलं नसतं. "लिही तसं," ती शेवटी म्हणाली. मग पर्स खांद्यावर सावरत नदीनला म्हणाली, "गुरुवारचं मग... बघू आपण," आणि गेली. क्रिस्टा उशी आणायला गेली. खोलीत टीव्हीवरची माणसं आवाजाविना तोंडं हलवत होती.

नदीनला वळावंसं वाटत नव्हतं. पेशंटने बोलावं म्हणून वाट बघत उभं राहायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. ती वळली. मिस्टर गेन्स तिच्याकडे बघत होते, आणि संध्याकाळच्या त्या गमत्या म्हाताऱ्याचा त्या चेहऱ्यावर मागमूसही नव्हता.

"मी गोऱ्या सिस्टरला तीनदा सांगितलं असतं," ते म्हणाले. "तुला एकदाच सांगितलं."

"हो," ती म्हणाली.

"माझा पाय जाईल?"

"अजून माहीत नाही. तो जाऊ नये म्हणून जे करता येईल ते आत्ताच सुरू होतंय."

"माहीत नाही," ते म्हणाले, जणू तो शब्द हातात घेऊन त्याचं वजन करत होते. नदीनने माफी मागायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण माफी मागितली असती तर त्यांना असू दे म्हणावं लागलं असतं, आणि त्या माणसाने आयुष्यभर पुष्कळांना असू दे म्हटलेलं होतं. त्यांनी तिच्यावरची नजर काढली नाही. मग खुब्याला कळ लागत असतानाही कुशीवर जरासे झुकले, हात लांबवला आणि डाव्या पायावरची चादर स्वतःच ओढून बाजूला टाकली.

"हा बघ आता," ते म्हणाले. "सावकाश बघ."

नदीन खुर्ची ओढून पायाशी बसली.